उसण, पायाळू आणि पोती

महोदय,

गेल्या महिन्यात गॅस सिलिंडर सरकवताना कमरेत उसण भरली. शेजारच्या काकूंनी लगेच 'पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाकडून लाथ मारून घ्या' असा सल्ला दिला. घेतली नाही, पण चार दिवस अंथरूण मात्र धरले आणि पाठ आणखीच आखडली. डॉक्टर म्हणाले, हीच चूक. बहुतेक कंबरदुखी स्नायू किंवा अस्थिबंधन ताणल्याची असते आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरते. गरम शेक घ्यायचा, सोसेल तेवढे चालायचे, एका जागी तासन्‌तास बसायचे नाही. कमरेचा पट्टा कायम बांधून ठेवायचा नाही. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवीवरचा ताबा गेला, ताप आला किंवा पडल्यावर दुखू लागले, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचे.

हे आमच्यासारख्या पेन्शनरांना जमते. सांगलीच्या हळदपेठेत पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला किंवा दिवसभर ओणवे राहून ऊस तोडून डोक्यावरून मोळी वाहणाऱ्या मजुराला 'जड उचलू नका' कोणी सांगायचे? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. निदान पोती लहान करा, चाकाच्या गाड्या द्या. हंगामात कारखान्यांनी तोडणी कामगारांच्या तळांवर फिजिओथेरपिस्ट पाठवावा. ताडपत्रीच्या सावलीतही त्याचे काम भागते.

— एक निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली