रंगासाठी रानातला साप उचलू नका

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत विदेशी साप घरात पाळणाऱ्या पोरांवर लेख आला होता, त्यात हॉगनोजचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की दुर्मिळ रंगाच्या हॉगनोजला फार मागणी आहे. लेख चांगलाय, पण एक गोष्ट त्यात राहून गेली असं वाटलं म्हणून लिहितोय. मी मूळचा शिराळा तालुक्यातला, गेली काही वर्षं टेक्सासमधे ऑस्टिनजवळ राहतो, आणि माझ्या घरात आत्ता एक लालभडक हॉगनोज आहे जो घरात असायलाच नको होता.

आधी हा साप काय आहे ते सांगतो. हॉगनोज म्हणजे डुकरासारखं नाक वर उचललेला साप, उत्तर अमेरिकेतला, अंगानं आखूड आणि जाडसर. त्या नाकानं तो वाळू उकरून टोड काढतो, टोड म्हणजे खरखरीत कातडीचा, अंगावर विषाच्या गाठी असलेला बेडूक. त्या विषानं कुत्रं तोंडाला फेस येऊन लोळेल पण ह्याला काही होत नाही. आणि सोंगाड्या किती! पूर्वेकडचा जो ईस्टर्न हॉगनोज आहे तो डिवचला की आधी आपल्या नागासारखी मान पसरवतो, मोठ्यानं फुसफुसतो, तोंड मिटूनच डोकं आपटतो, आणि एवढं करून समोरचा हलला नाही तर सरळ पाठीवर पडून जीभ बाहेर काढून मेल्याचं सोंग घेतो, वर घाण वास सोडतो. गंमत अशी की तुम्ही त्याला पालथा केलात की तो लगेच परत उताणा होतो, म्हणजे मेलेला साप उताणाच असतो अशी त्याची ठाम समजूत. फणा बघून लोक त्याला विषारी समजून ठेचतात ते वेगळंच.

आता रंगाचं. ईस्टर्नमधे रंगांची इतकी सरमिसळ असते की एकाच रानात पिवळा, केशरी, राखाडी, हिरवट आणि साफ काळा असे सगळे सापडू शकतात. म्हणजे लाल किंवा केशरी हा काही चमत्कार नाही. पण इंटरनेटवर फोटो टाकला की लोक तुटून पडतात. दुसरा तो वेस्टर्न हॉगनोज, जो बाजारात मिळतो, त्याचे अल्बिनो, अॅक्झँथिक, अॅनाकोंडा अशा नावांचे शेकडो मॉर्फ, म्हणजे रंगाचे आणि नक्षीचे प्रकार, लोकांनी पिंजऱ्यात पिढ्यानपिढ्या जुळवून काढलेत. तो रानातपण उंदीर, सरडे असं बरंच काही खातो त्यामुळे पिंजऱ्यात उंदरावर सहज लागतो. गोंधळ इथंच होतो, लोकांना वाटतं हॉगनोज म्हणजे हॉगनोज, वेस्टर्न घरात मजेत राहतो तर ईस्टर्नपण राहील.

आमचं काय झालं ते सांगतो. मागच्या मे महिन्यात ऑस्टिनजवळ बॅस्ट्रॉपला एका मित्राच्या रँचवर गेलो होतो. वाळूची जमीन, पाइनची झाडं, पाऊस पडून गेलेला. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला वाटेत हा ईस्टर्न दिसला, पक्क्या विटेसारखा लाल, पाठीवर काळे पट्टे, आणि आम्हाला बघितल्याबरोबर साहेबांनी लगेच जीभ काढून प्राण सोडले. मुलगा वेडा झाला. मीपण झालो, खोटं कशाला बोलू. टेक्सासमधे रानातला साप उचलायला हंटिंग लायसन्स लागतं, रस्त्याकडेचा असेल तर त्यावर रेप्टाइलचा वेगळा शिक्का लागतो, आणि स्टेट पार्कमधल्याला हातच लावायचा नाही. माझ्याकडे लायसन्स होतं, जमीन मित्राची, त्याची परवानगी होती, म्हणजे कायद्यानं सगळं नीट. त्यामुळेच कदाचित मी जास्त विचार केला नाही. कायद्यात बसतं म्हणजे शहाणपणाचं असतं असं नाही, हे मला सात आठवड्यांनी कळलं.

सात आठवडे त्यानं काही खाल्लं नाही. फ्रोझन उंदराची पिल्लं आणली, कोमट पाण्यात वितळवून समोर ठेवली, तो नाक लावायचा आणि वळून निघून जायचा. मग जाणत्यांनी सांगितलं की उंदराला टोडचा वास चोळायचा म्हणजे फसतो. म्हणजे आता टोड आणा. आणि बॅस्ट्रॉपकडे टोड पकडायचा म्हणजे भानगड, कारण तिथं ह्यूस्टन टोड नावाचा एक टोड आहे जो १९७० पासून अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे, आणि त्याच्या उरल्यासुरल्या जागांतली मोठी जागा म्हणजे हाच बॅस्ट्रॉप. आपला लाल साप जगवायला त्याला धरून आणलं तर झालंच कल्याण. शेवटी आमच्या घराच्या पोर्चवर दिव्याखाली किडे खायला येणारे साधे गल्फ कोस्ट टोड पकडले. रानातल्या टोडच्या पोटात जंत असतात म्हणून तो आधी फ्रीझरमधे महिनाभर ठेवा असं सांगतात, तेव्हा आमच्या फ्रीझरमधे आमरसाच्या डब्यांशेजारी झिपलॉकमधे टोड. बायकोनं दोन दिवस फ्रीझर उघडला नाही, तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "अहो, यातलं एक तरी बाहेर जाईल, एक तर ते नाहीतर मी."

तरी आमचा वास चोळलेला उंदीर त्यानं खाल्लाच नाही. अख्खा टोड दिला तेव्हा मिनिटात गिळला. म्हणजे भूक नव्हती असं नाही, तोंडच वाकडं होतं म्हणा. डॉक्टरकडे नेला, विष्ठेच्या तपासणीत जंत निघाले, औषध झालं, बिल आलं, ते मी इथं लिहीत नाही कारण हा पेपर माझे वडील वाचतात.

आता मुख्य मुद्दा. एवढं झाल्यावर कुणीही म्हणेल, अरे मग सोडून दे ना रानात. मलापण तेच वाटलं. आमच्या गावाकडं पंचमीला नाग पकडून आणायचे, गाडग्यात ठेवायचे, मिरवायचे, आणि आजोबा सांगायचे की ज्या शेतातनं आणला त्याच शेतात नेऊन सोडायचा, दुसरीकडं नाही. आता जिवंत नागाची ती मिरवणूक कोर्टानं बंद केली आणि चांगलं झालं, पण त्या "त्याच शेतात" मधे शहाणपण होतं. मी पण त्याच रँचवर नेऊन सोडायला तयार होतो. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी साप आहेत का? आहेत, मुलाचे दोन कॉर्न स्नेक, त्याच खोलीत, एकाच चिमट्यानं खाऊ देतो, एकच फडकं. ते म्हणाले मग सोडू नका. सापांना एक बुरशीचा रोग होतो, ऑफिडिओमायसिस, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पुष्कळ राज्यांत रानातल्या सापांत तो सापडलाय, आणि दुकानातून किंवा एक्स्पोतून, म्हणजे सापांच्या प्रदर्शनातून, आणलेल्या जनावरांबरोबर काय घरात आलंय ते वरून दिसत नाही. एक लाल साप परत पाठवायचा म्हणून त्या वाळूतल्या सगळ्यांच्या अंगावर काहीतरी नेऊन टाकायचं का? ह्याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे उचलायला दहा सेकंद लागले आणि परत ठेवायचा रस्ताच बंद.

काही लोक म्हणतात की अल्बिनो किंवा असा उठून दिसणारा साप रानात जगतच नाही, घारीच्या डोळ्यात भरतो, त्यामुळे त्याला उचलणं म्हणजे उपकारच. मीपण हे म्हणून बघितलं. पण तुम्ही उचललेला साप पूर्ण वाढलेला असेल तर तो जगलेलाच आहे की! माझा लाल पठ्ठ्या तीनएक वर्षांचा असावा असा डॉक्टरांचा अंदाज, म्हणजे तेवढे उन्हाळे, घारी, रकून आणि गाड्यांची चाकं चुकवून तो माझ्या मुलाच्या पायाशी आला. आणि तसंही हा बराच वेळ वाळूखाली असतो. हां, एक मात्र मान्य करतो, आज बाजारात जे अल्बिनो वेस्टर्न आहेत त्यांच्या मुळाशी कधीतरी कुणीतरी रानातून उचललेला एखादा साप आहेच. पण ते काम झालंय. दोन अल्बिनो जुळवले की सगळी पिल्लं अल्बिनो, नुसता तो गुण पोटात लपलेले दोन जुळवले तर सरासरी चारात एक, हे गणित सातवीतलं पोरगं पाटीवर मांडेल. ईस्टर्नच्या लाल रंगाचं असं सरळ गणित नाही, पिल्लं बहुतेक राखाडी ठिपक्यांचीच निघतात आणि मोठी होताना रंग कुठं जाईल सांगता येत नाही, काही तर काळी ठिक्कर होतात. ज्या रंगासाठी जीव आणला तोच रंग पुढच्या पिढीत मिळेल याचा भरवसा नाही.

मुलानं फोटो टाकला तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या एकाचा मेसेज आला, म्हणाला चांगले पैसे देतो, कुरियरनं पाठवा. हंटिंग लायसन्सवर पकडलेला साप इथं विकता येत नाही, आणि राज्याचा कायदा मोडून पकडलेलं किंवा विकलेलं जनावर दुसऱ्या राज्यात पाठवलं की १९०० सालचा लेसी अॅक्ट लागतो, मग प्रकरण थेट केंद्राकडे. मुलाला हे वाचून दाखवलं तेव्हा तो घाबरला, त्याला वाटलं पोलीस येतील. आपल्याकडं मांडुळाचं जे होतं तेच हे, फक्त तिथं वजनावर भाव आणि अंधश्रद्धा, इथं रंगावर भाव आणि हौस. मांडुळाच्या नादानं जेलमधे गेलेली माणसं आपल्या भागात कमी नाहीत. आणि बँकॉकच्या विमानातून उतरलेल्याच्या बॅगेत साप सापडल्याच्या बातम्या तुम्हीच छापता, म्हणून पुण्यामुंबईच्या पोरांनी तुमचा तो लेख वाचून काय शोधायला घेतलं असेल याची मला काळजी वाटली. भारतात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे आपला रानातला साप घरात ठेवणं हा गुन्हाच, सर्पमित्रांनीही वनखात्याला कळवून सोडायचा असतो.

साप अजून आहे. मुलानं मोठा टब केलाय, एक फूट वाळू आणि माती, तो दिवसभर त्यात. आता तो सोंगपण घेत नाही, सुरुवातीला झाकण काढलं की मरायचा, हळूहळू बंद झालं, आता नुसतं नाक वर करून वास घेतो. मुलगा म्हणतो माणसाळला. मला त्याचं मरणंच जास्त आवडायचं.

आज इथं पाऊस आहे, पोर्चचा दिवा लावलाय, टोड येतील. मुलगा डबा घेऊन उभा आहे, त्याला एकच आणायला सांगितलंय.

आपला,
एक वाचक
ऑस्टिन, टेक्सास (मूळ गाव शिराळा तालुका, जि. सांगली)