न दिलेल्या उपचाराबद्दल आभार

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी तुमच्या ओपीडीत मी आवाज चढवला होता. आधी ते कबूल करते.

लेकीच्या मानेत गाठ आली. टीबी समजून काही महिने गोळ्या झाल्या, मग बायोप्सीत हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, निघाला. वय 14. दोन किमोतच गाठी विरल्या, चार झाल्यावर स्कॅन स्वच्छ आला. रेडिएशनसाठी तुमच्याकडे पाठवलं, तर तुम्हीच म्हणालात, "हिला नको." मला पटेचना. शेजारच्या काकूंना लाईट, म्हणजे हेच रेडिएशन, दिली होती, मग हिलाच का नाही? योजनेचे पैसे संपले असतील, असंही मी तोंडावर बोलून गेले.

तुम्ही चिडला नाहीत. केसपेपर उलटा करून एक मुलगी काढलीत (चित्रकला तुमचा प्रांत नव्हे, मॅडम) आणि मान, काखा, छाती पेनाने गिरगटून टाकली. पूर्वी एवढ्या सगळ्या भागावर 40 ग्रेच्या (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं एकक) आसपास डोस देत. आजार जायचा, पण पंधरा-वीस वर्षांनी त्यातल्या काही जणी स्तनाचा कर्करोग किंवा हृदयविकार घेऊन परत यायच्या. म्हणून मुलांचा डोस जवळपास निम्मा झाला, भागही आक्रसला. मग प्रश्न उरला, किमोनेच ज्यांच्या गाठी लवकर आणि पूर्ण विरल्या, त्यांना तेवढं तरी हवं का? अमेरिकेच्या पुढाकाराने 2002 ते 2009 मध्ये 1,712 मुलं-तरुण एका चाचणीत आले. अशा लवकर सुधारलेल्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला 21 ग्रे, दुसऱ्याला काही नाही. चार वर्षांनी दोन्हींकडे जगण्याचं प्रमाण सारखंच. आजार उलटणं रेडिएशनविना शंभरात तीन-चारांनी जास्त दिसलं, पण तो निव्वळ योगायोगही असू शकतो, हे तुम्ही लपवलं नाहीत. उलटलाच तर पुढे काय करता येतं, तेही सांगितलंत. त्या आकड्यापेक्षा त्या न लपवण्याने माझा विश्वास बसला.

त्याच दिवशी पलीकडच्या मुलाला तुम्ही रेडिएशन लिहून दिलंत. त्याच्या गाठी किमोला हटत नव्हत्या. त्याच्या वडिलांना नेमकी उलटी भीती होती, आणि त्यांच्यासाठीही तुम्ही तेवढाच वेळ काढलात. बाहेर रांग दाराबाहेर गेली होती.

ते चित्र लेकीने मागून घेतलं. तिच्या वहीत चिकटवलंय. पुढच्या तपासणीला दाखवेल; हाताची बोटं मात्र तिने दुरुस्त केली आहेत, तुम्ही चारच काढली होती.

तुमची,
एका पेशंटची आई