वीस सोलर कुकरसाठी काच, पत्रा आणि तूस हवं आहे

ग्रामस्थहो आणि मुंबईकर मंडळींनो,

दिवाळीनंतर आपल्या हायस्कूलची मुलं सड्यावरच्या (वरच्या कातळपठारावरच्या) वाड्यांसाठी वीस सोलर कुकर, म्हणजे उन्हावर अन्न शिजवणाऱ्या पेट्या, बनवणार आहेत. सामान जमवायचं काम मंडळाने अंगावर घेतलं आहे. सड्यावरच्याच वाड्या का, तर माडा-पोफळीच्या आगरात दहा ते दोन सलग ऊन मिळत नाही, पेटी नुसती कोमट होते. सड्यावरच्या खळ्यात ते मिळतं, आणि तिथल्या बायकांची मोळीसाठीची पायपीटही मोठी आहे.

एका पेटीला लागतं ते असं. बाहेरून ६० सेंटिमीटर चौरस, १२ मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लायची पेटी. आत ५० सेंटिमीटर चौरस, १५ सेंटिमीटर खोल ॲल्युमिनियमचा ट्रे. मधल्या जवळजवळ ४ सेंटिमीटर पोकळीत भाताचं तूस. वर ४ मिलिमीटरच्या दोन काचा, दोघींत दीड सेंटिमीटर अंतर. झाकणाला आतून आरसा. शिवाय अन्न शिजवायला झाकण असलेले चार पातळ डबे, बाहेरून काळे, बिनचमकीच्या रंगाचे. ट्रेही आतून तसाच काळा. एका पेटीचा खर्च तीन हजारांच्या आत बसेल असा अंदाज आहे.

तूस गिरणीतून आणलं की आधी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावं लागतं. ओलं भरलं तर वाफ काचेवर धरते आणि ऊन आत पोचत नाही. तुसाऐवजी थर्माकोल देऊ नका, ट्रेच्या उष्णतेने तो आक्रसतो. आपल्या खाऱ्या हवेत आरशाचा पारा कडेपासून सुटतो, म्हणून कडांना वार्निशचे दोन हात हवेत. स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्याच द्या. साध्या लोखंडाच्या एका पावसाळ्यात गंजतात, मग झाकण नीट बसत नाही आणि फटीतून ऊब निघून जाते. रंगाचा वास जाईपर्यंत पेटी दोन दिवस रिकामी तापवायची, नाहीतर पहिल्याच भाताला वास लागतो आणि ती घरात कोणी वापरत नाही.

भात दीड-दोन तासांत, डाळ दोन तासांत, रात्री भिजवलेली चवळी तीन तासांत शिजते. पाणी चुलीपेक्षा कमी घालायचं, कारण ते फारसं आटत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने पेटी उन्हाकडे फिरवायची, झाकण उघडून बघत बसायचं नाही. भाकरी आणि तळलेले मासे यात होत नाहीत, तेवढ्यापुरती चूल राहणारच. हे घरोघरी आधीच सांगायचं आहे, म्हणजे पेटी अडगळीत जाणार नाही.

घराची दुरुस्ती काढली असेल तर खिडक्यांच्या जुन्या साध्या काचा द्या. रंगीत किंवा नक्षीची काच चालत नाही. तडा गेलेली नको, पण कडा तुटलेली चालेल, मुलं कापून घेतील. गिरणीवाल्यांनी तुसाची पोती राखून ठेवावीत. सुतारकाम येणाऱ्यांचे दोन रविवार हवे आहेत, कारण ट्रे वाकवणं मुलांना जमतं, पण झाकणाची जोडणी जाणत्या हाताचीच हवी.

पैसे मंडळाच्या खजिनदारांकडे देऊन पावती घ्या. काच गोणपाटात गुंडाळून, उभी धरून आणा.