काठी पुढे जाऊ दे : एका नाट्यशिक्षिकेचे जाहीर आभार

ताई,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

कुतुपालाँगची निर्वासित छावणी म्हणजे बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या टेकड्यांवर बांबू-ताडपत्रीच्या झोपड्याच झोपड्या. पक्कं बांधायला परवानगीच नाही. ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या इकडे आले, त्यांत निम्म्याच्या आसपास मुलं. येणारा-जाणारा त्यांना एकच विचारतो, तिकडे काय झालं? या मुलांचे खेळ घ्यायला मी निघताना तुम्ही बजावलंत, "त्यांची गोष्ट मागू नकोस. खेळ मांड. सांगायचं असेल ते आपणहून येईल, नाही आलं तरी चालेल." प्रशिक्षणातल्या जाडजूड पुस्तिकांपेक्षा हे जास्त कामी आलं.

तुमचा काठीचा खेळ तिथे सगळ्यांत चालला. गोल करून बसायचं, काठी ज्याच्या हाती येईल त्यानं तिचं काहीतरी करायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. बासरी झाली, वल्हं झालं, दातवण झालं. मग एकानं ती खांद्याला लावून शेजारच्यावर रोखली. सगळे चिडीचूप. तुम्ही सांगून ठेवलं होतं, "बंदूक होणारच. रागवायचं नाही, खोदून विचारायचं नाही, काठी पुढे जाऊ द्यायची." गेली. पुढच्या मुलीनं उकिडवं बसून त्याच काठीनं कालवण ढवळलं, चव घेतली आणि असं काही तोंड वेंगाडलं की मीठ राहिलंय हे आंधळ्यालाही कळावं. पहिला हसला तो बंदूकवाला.

गाणी आपली लादायची नाहीत, हेही तुमचंच. तिथल्या ब्रॅक संस्थेच्या खेळघरांत रोहिंग्यांच्याच काबिया, म्हणजे त्यांची बडबडगीतं, म्हणतात. त्याच आम्हीही उचलल्या. माझे उच्चार ऐकून पोरांची फार करमणूक झाली.

आणि ज्याला खेळायचं नाही त्याला पडदा धरायला द्यायचा! आमचा ओढणीचा पडदा धरणारा एक मुलगा कधीच आत आला नाही. पण नाटक कधी सुरू होणार, कोण मधेच बोललं, याचा सगळा हिशेब त्याच्याकडे. कुणी गडबड केली की पडदा खाली. त्याला आत ओढू नये हे तुमच्यामुळे सुचलं.

आता पावसाळा आलाय. दरडींच्या भीतीनं मुलं झोपड्यांतच अडकतात. दाटीवाटीत, बसल्या जागी होतील असे दोन-चार खेळ लिहून पाठवाल का? काठी मावत नाही हो तिथे.

तुमची,
जुन्या शिबिरातली एक विद्यार्थिनी