शनिवारच्या चरित्र-चर्चेबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सायंकाळी ५ वाजता आपल्या नेहमीच्या वाचनकक्षात अमेरिकी सैनिक डेझमंड डॉस (१९१९–२००६) यांच्या जीवनावर चर्चा होईल.

सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथावरील श्रद्धेमुळे हत्यार हाती न धरण्याचा निश्चय करूनही डॉस दुसऱ्या महायुद्धात स्वेच्छेने वैद्यकीय सेवक म्हणून गेले आणि १९४५ साली जपानच्या ओकिनावा बेटावरील कड्यावरून सुमारे ७५ जखमींना त्यांनी दोराने खाली उतरवले. पुढे त्यांचा हात गोळीने मोडला, तेव्हा त्यांनी बंदुकीचा दस्ता त्या हाताला आधार म्हणून बांधला आणि ते सरपटत मदतकेंद्राकडे गेले. बंदुकीचा त्यांनी केलेला उपयोग तो एवढाच!

‘मेडल ऑफ ऑनर’ या अमेरिकेच्या सर्वोच्च शौर्यपदकापर्यंतची त्यांची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. पत्नी डोरोथी, मुलगा आणि क्षयरोगाने एक फुफ्फुस गमावल्यानंतरचा दीर्घ संसार मात्र सहसा दुर्लक्षित राहतो, म्हणून या वेळी चर्चेचा भर त्यावरच राहील.

सभासदांनी पुढील गोष्टी पाळाव्यात:

१. त्यांच्यावरील ‘हॅकसॉ रिज’ या चित्रपटातील प्रसंग पुरावा म्हणून सांगू नयेत. पदकाचे मानपत्र वाचून यावे.

२. बोलू इच्छिणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत चिटणिसांकडे नाव द्यावे. प्रत्येकास ७ मिनिटे मिळतील.

३. कुटुंबीयांस सोबत आणता येईल. मात्र बैठकव्यवस्थेसाठी त्यांची संख्या आधी कळवावी.

— चिटणीस