बाबांसाठी बदामाचं दूध

म्युनिक, ११ जानेवारी

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी बाबांचं दूध बंद केलं आणि नेमकी निफाडकडची थंडी वाढली, त्यामुळे रात्रीचं मसाला दूधही सुटलं, असं तू म्हणालीस. दुधातली साखर पचत नसेल तर बदामाचं दूध त्यांना चालेल, कारण त्यात ती साखर नसतेच. फोनवर घाईत सांगितलं तर काहीतरी राहून जाईल, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. तुझ्या हाताला गाई-म्हशीच्या दुधाची सवय आहे. हे दिसतं तसंच, पण विस्तवावर वागतं वेगळं आणि बिघडतंही वेगळ्याच कारणांनी.

तयार डबा आणू नकोस. इथे डब्यावर बदामाची टक्केवारी छापलेली असते आणि ती बऱ्याचदा दोन-तीनच्या आसपास निघते. बाकी पाणी, आणि दाटपणा यावा म्हणून डिंकासारखे पदार्थ. त्याला इथे ‘दूध’ म्हणताही येत नाही, डब्यावर ‘मांडेलड्रिंक’ लिहितात. वनस्पतींपासून केलेल्या पेयांना दूध म्हणून विकता येणार नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१७ साली दिला. आपण घरी करतो त्यात एक भाग बदाम आणि चार भाग पाणी असतं, तेव्हा चवीची तुलनाच नको.

दोन पेल्यांसाठी १०० ग्रॅम बदाम घे, मोजून साधारण ऐंशी होतात. आधी त्यातला एखादा चावून बघ. जुने बदाम खवट झालेले असतात आणि तो खवटपणा कुठल्याही वेलचीने झाकत नाही. लहान आकाराचे गुरबंदी आणू नकोस. त्यांत अधूनमधून कडू बदाम निघतो आणि एका कडू बदामाने सगळं दूध वाया जातं. शिवाय कडू बदाम पोटात जाणं चांगलंही नाही. साधे कॅलिफोर्निया बदाम पुरेत, मामरा या कामासाठी मुद्दाम घ्यायची गरज नाही.

रात्री भरपूर पाण्यात भिजत घाल, आठ ते बारा तास. सकाळी ते तपकिरी पाणी फेकून दे आणि सालं काढ. सालीचा तुरटपणा दुधात उतरतो, रंगही मळकट येतो. भिजवायचं विसरलीस तर उकळत्या पाण्यात एक मिनिट टाकून लगेच गार पाण्यात घाल, सालं चिमटीत सुटतात. मिनिटापेक्षा जास्त ठेवू नकोस, बदाम शिजल्यासारखे होतात आणि दूध कमी निघतं. अशा बदामांना सोलल्यावर दोन तास तरी पाण्यात राहू दे.

आता वाटणं. सगळं पाणी एकदम ओतलं की बदामाचे तुकडे पाण्यात नुसते गरगर फिरतात, पात्याखाली येतच नाहीत, आणि दूध पांचट होतं. चटणीच्या भांड्यात बदाम आणि अर्धी वाटी, म्हणजे १०० मिली गार पाणी घे. अर्धा मिनिट फिरव, थांब, कडेचं खाली ओढ, पुन्हा फिरव. सलग फिरवलंस तर भांडं तापतं आणि बदामाला तेल सुटायला लागतं, म्हणून थांबत थांबत. वाटण दोन बोटांत चोळून बघायचं. रव्यासारखं लागलं तर अजून दोन फेऱ्या. लोण्यासारखं लागलं की मोठ्या भांड्यात काढ, उरलेलं ३०० मिली पाणी घाल आणि एक मिनिट फिरव.

गाळायला चहाची गाळणी चालत नाही, बारीक कण खाली उतरतात आणि तापवल्यावर घशाला लागतात. जुना मऊ सुती पंचा घे, पण आधी नुसत्या गरम पाण्यातून काढ, साबणाचा वास दुधाला लगेच लागतो. पंचा पातेल्यावर धरून ओतलंस की पहिल्यांदा पातळ दूध आपोआप गळतं. मग चारही टोकं एकत्र करून पीळ देत जा. धार थांबली असं वाटतं तेव्हा खरं दूध बाकी असतं: शेवटच्या दोन-तीन पिळांत बोटांच्या फटींतून सायीसारखे जाड, शुभ्र थेंब येतात. दुधाचा सगळा दाटपणा तिथे आहे. तेवढ्यात पंचा सोडू नकोस. साधारण चारशे मिली दूध मिळेल. चोथा कोरडा भुरभुरीत झाला की काम झालं. तो थालीपिठाच्या पिठात किंवा आमटीच्या वाटणात घाल, फेकू नकोस.

मसाल्याचं गणित इतक्या दुधाला असं. केशराच्या दहा-बारा काड्या कोमट कढल्यात क्षणभर शेकवून खलबत्त्यात चिमूटभर साखरेबरोबर कुटायच्या आणि दोन चमचे गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवायच्या. केशराचा रंग पाण्यात उतरतो, म्हणून थेट दुधात टाकण्यापेक्षा हे बरं. तीन वेलदोड्यांचे दाणे ताजे कुटलेले. पाव चमचा सुंठपूड. हळद हवी असेल तर पाव चमच्याहून कमी, सोबत तीन मिरी ठेचून. जायफळ किसणीवर तीन-चार वेळा घासलं की बास, ते जास्त झालं तर कडवट लागतं.

दालचिनीबद्दल थोडं जास्त सांगते. पूड घालू नकोस, ती पाण्यात बुळबुळीत होते आणि तळाशी बसते. दोन इंचांचा एक तुकडा पुरे. बाजारात मिळते ती बहुतेक जाड सालीची कॅशिया असते. तिच्यातलं कुमारिन रोज जास्त पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. इथे २००६ साली नाताळच्या दालचिनी बिस्किटांवरून सरकारी संस्थेने तसा इशाराही दिला होता. बाबा रोज पिणार असतील तर कागदासारखी पातळ, चिरुटासारखी गुंडाळलेली साल शोध. कोकणात तशी दालचिनी होते, दापोलीच्या विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात त्यासाठीच आहे. मावशीला सांगितलंस तर ती आणेल.

आता क्रम. तो चुकला की दूध फाटतं. जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी, दालचिनी, हळद, मिरी आणि सुंठ घालून चार-पाच मिनिटं उकळ. हळदीचा कच्चा वास इथेच जायला हवा, दुधात तो जाणार नाही. सुंठेऐवजी आलं वापरलंस तरी ते याच पाण्यात उकळायचं. कच्च्या आल्याचा रस दुधात पडला की दूध फाटतं, हे तुला माहीतच आहे. दालचिनी काढून टाक, विस्तव अगदी मंद कर आणि मग बदामाचं दूध ओत. एक चमचा तांदळाची पिठी थोड्या गार दुधात कालवून आत्ताच घातलीस तर दूध धरून राहतं. पहिल्यांदा करताना तरी घालच.

ढवळणं थांबवायचं नाही, हे बुडाला फार पटकन लागतं. सहा-सात मिनिटांनी कडेला मोहरीएवढे बुडबुडे दिसतील, वाफ येईल, आणि पळी थोडी जड वाटायला लागेल. पळीच्या पाठीवर बोट ओढून बघ. रेघ तशीच राहिली की लगेच उतरव. गाईचं दूध वर येईपर्यंत थांबायची आपली सवय, पण इथे तेवढं थांबलं की घात होतो. खळखळ उकळलं तर बदामातली प्रथिनं आवळतात, पाणी आणि तेल वेगळं पडतं, वर दाण्यांचा थर येतो.

केशर, वेलची, जायफळ उतरवल्यावर घाल. साखर दीड चमचा, तीही तेव्हाच. गूळ घालायचा असेल तर दोन चमचे पाण्यात विरघळवून गाळून, दूध पिण्याइतकं निवल्यावर. गरम दुधात गुळाचा खडा टाकलास तर म्हशीच्या दुधासारखंच हेही फाटेल. चार बिनबियांचे खजूर बदामांबरोबर वाटले तर साखर नकोच, फक्त दूध जरा तपकिरी दिसतं. एक बारीक चिमूट मीठ मात्र घाल, गोडी उठून येते.

फाटलंच तर टाकू नकोस. पूर्ण कोमट होऊ दे, चमचाभर तांदळाची पिठी घालून मिक्सरमधून काढ आणि पुन्हा मंद विस्तवावर दोन मिनिटं धर. पहिल्यासारखं मऊ होत नाही, पण पिण्याजोगं होतं. गरमागरम दूध मिक्सरच्या बंद भांड्यात कधीही फिरवू नकोस, वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो.

वेळ नसेल त्या दिवशी काजू. साठ ग्रॅम काजूतुकडा गरम पाण्यात अर्धा तास भिजव, वर सांगितलं तसं ४०० मिली पाण्यात वाट. गाळायची गरज नाही. काजूत पिष्ट बरंच असतं, तापलं की खिरीसारखं घट्ट होतं, म्हणून वरून अर्धी वाटी गरम पाणी जवळ ठेव आणि पिठी घालू नकोस.

न तापवलेलं दूध झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं. खाली पाणी, वर साय असे थर पडतात, ते खराब झालेलं नसतं, हलवून घ्यायचं. आंबूस वास आला तर मात्र टाकायचं. मसाला घालून तापवलेलं त्याच दिवशी संपवा.

आणि हे महत्त्वाचं: या दुधात कॅल्शियम फार कमी. १०० ग्रॅम बदामांतच ते सुमारे २६० मिलिग्रॅम असतं आणि त्यातलंही बरंचसं चोथ्यात राहतं. तेवढ्याच, चारशे मिली गाईच्या दुधात ते साडेचारशेच्या वर असतं. बाबांच्या हाडांसाठी नाचणीची भाकरी आणि तीळ वाढव, आणि थोडं दही-ताक चालेल का ते डॉक्टरांना विचार. बदामही पोटाला जड, तेव्हा रोजचा पेला दीडशे मिलीचाच ठेव आणि जेवणानंतर तासाभराने दे.

पहिल्यांदा कराल त्या दिवशी पातेलं समोर ठेवून व्हिडिओ कॉल लाव, कडेचे बुडबुडे मी दाखवते. ती. बाबांना सा. न.

तुझी,
धाकटी