ज्या वस्तीला स्वतःचे पोलीसच नाहीत, तिथली चौकशी: काकूंना उघडं पत्र

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही, ही तुमची अट पाळतो आहे. कोणत्या काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कोर्टात तुम्ही निवृत्तीपर्यंत खिडकीवर बसलात, तेही लिहीत नाही. पण पत्र लिहायचं थांबत नाही, कारण गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत दोघांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात तेच विचारलं, जे मी तुम्हाला विचारलं होतं: इथल्या एखाद्या वस्तीत कुणाला अटक झाली का, हे कळतं कुठे? दोघांनाही तुमचा फोन नंबर हवा होता. तो दिला नाही. तुम्ही मला जे दाखवलंत ते लिहून देईन, एवढं कबूल केलं. तेव्हा हे आभारही आहेत आणि त्यांना दिलेलं उत्तरही.

माझ्या भाचीला स्थळ आलं होतं. मुलगा इकडे कॅलिफोर्नियात, सेंट्रल व्हॅलीत, ९९ नंबरच्या हायवेपासून आत, बदामाच्या बागांमधल्या एका छोट्या वस्तीत राहणारा. बोलाचाली चांगल्या पुढे गेल्या होत्या. मग ताईच्या दिरांनी त्याचं नाव गुगलवर टाकलं आणि एका पैसे घेणाऱ्या साइटवर लाल अक्षरं उमटली: अटकेची नोंद असू शकते, पाहायची तर पैसे भरा. सांगलीहून फोन आला, "तू तिथंच आहेस ना, जरा पोलीस स्टेशनात जाऊन विचारून ये." ताईच्या डोळ्यांपुढे आपलं तालुक्याचं ठाणं होतं. ओळखीचा हवालदार, चहा, आणि संध्याकाळपर्यंत बित्तंबातमी.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही कायद्याचं काहीच बोलला नाहीत. आधी विचारलंत, "भाचीला हे ठाऊक आहे का?" नव्हतं. "मग आधी तिला सांग. आणि त्या मुलालाही सांग की आम्ही कोर्टाची नोंद बघणार आहोत. लपून बघण्यासारखं त्यात काही नाही." मला ते तेव्हा जरा अवघड वाटलं, खोटं कशाला बोलू. मुलाला फोन केला तर तो हसला आणि म्हणाला, "बघा की. मला पण कळू दे." हे पत्रही त्याला दाखवूनच बाहेर देतो आहे.

त्यानंतर तुम्ही विचारलंत, "अटक झालीच असेल तर केली कुणी असेल?" माझं उत्तर तयार होतं: गावच्या पोलिसांनी. पत्त्यात ज्या शहराचं नाव होतं त्या शहराच्या पोलिसांकडे मी दुसऱ्या दिवशी जाणारही होतो. तुम्ही पत्ता पाहिलात आणि काउंटीच्या नियोजन खात्याचा नकाशा उघडलात. वस्ती शहराच्या हद्दीबाहेर. पत्त्यातलं शहर हे टपाल खात्याच्या सोयीचं नाव, हद्दीशी त्याचा संबंध नाही. अशा वस्तीला इथे अनइनकॉर्पोरेटेड म्हणतात. नगरपालिका नाही, महापौर नाही. वरचं सरकार थेट काउंटी. त्यामुळे गावचे पोलीस हा प्रकार सहसा नसतो. तिथे शेरीफ, म्हणजे काउंटीच्या पोलिसांचा प्रमुख, आणि रस्त्यावरच्या वाहतुकीपुरते राज्याचे हायवे पेट्रोलवाले.

मला वाटायचं, असल्या जागा म्हणजे चार घरं आणि एक पेट्रोल पंप. तुम्ही ईस्ट लॉस एंजेलिसचं नाव घेतलंत. लाखाच्या वर माणसं, तरी अजून अनइनकॉर्पोरेटेड. आपली मंडळी जिथे भराभर घरं घेत आहेत ते ट्रेसीजवळचं माउंटन हाऊस १ जुलै २०२४ ला शहर झालं, तोवर तेही याच जातीचं. आणि उलटं उदाहरण कुपर्टिनोचं: शहर आहे, पण स्वतःचं पोलीस दल नाही, काम सांता क्लारा काउंटीच्या शेरीफकडे. म्हणून पाटीवरच्या नावावरून काही ठरवायचं नाही. हद्द कुणाची आणि गस्त कुणाची, हे दोन्ही आधी विचारायचं. तुमच्या मते निम्मी माणसं इथेच वाट चुकतात आणि मग त्या लाल अक्षरांच्या साइटला पैसे भरतात.

यानंतरचा धडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. "अटकेची नोंद" म्हणून एकच कागद कुठे ठेवलेला असतो, अशी माझी समजूत होती. तुम्ही तो कागद तीन ठिकाणी वाटून दाखवलात. पकडलं कुणी, त्याचा अहवाल त्या खात्याकडे. ठेवलं कुठे, ते काउंटीच्या तुरुंगाच्या बुकिंग यादीत, म्हणजे आत घेतलेल्यांच्या नोंदीत, आणि तुरुंग बहुतेक ठिकाणी शेरीफचा असतो. खटला झाला का, ते काउंटीच्या सुपिरियर कोर्टात, म्हणजे खटले चालतात त्या कोर्टात. हायवे पेट्रोलने पकडलेला माणूस शेरीफच्या तुरुंगात जातो, म्हणून तुरुंगाच्या यादीत नाव असलं तरी अहवाल शेरीफकडे मागून मिळत नाही. आणि पोलिसांनी अटक केली म्हणजे खटला झाला असं नाही. तो भरायचा की नाही हे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, म्हणजे काउंटीचा सरकारी वकील, ठरवतो. त्याने नाही भरला तर कोर्टात त्या माणसाच्या नावाची फाइलच तयार होत नाही.

शेरीफकडे काय मागता येतं तेही सांगितलंत. राज्याच्या पब्लिक रेकॉर्ड्स कायद्याने अटक झालेल्याचं नाव, व्यवसाय, अंगकाठी, अटकेची तारीख, वेळ, जागा, आरोप, जामिनाची रक्कम ही माहिती साधारणपणे द्यावी लागते. तपासात किंवा कुणाच्या जिवाला धोका होत असेल तर ती अडवता येते. लेखी अर्ज केला की देणार की नाही ते १० दिवसांत कळवायचं असतं. पण अर्जात ठराविक घटना हवी, निदान अंदाजे तारीख तरी. "या माणसाला आयुष्यात कधी अटक झाली का?" हा प्रश्न तिथे चालत नाही. माणसाची सगळी कुंडली एकत्र मांडून परक्याच्या हातात द्यायला कायद्यानेच बंदी आहे. शेरीफच्या साइटवरची यादी बहुतेक ठिकाणी सध्या आत असलेल्यांची असते. जुन्या गोष्टी तिथे शोधत बसण्यात अर्थ नाही.

हे मी ताईला सांगितलं तर ती म्हणाली, मग मुलालाच पोलिसांचा दाखला आणायला सांग. आपल्याकडे नोकरीला चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात, तसा. मी निरोप तुम्हाला सांगितला आणि तुम्ही पहिल्यांदाच आवाज चढवलात. "हे तोंडातून काढूसुद्धा नकोस." कॅलिफोर्नियात माणसाला स्वतःची राज्य पातळीवरची नोंद बघता येते, बोटांचे ठसे द्यायचे, न्याय खात्याचे २५ डॉलर आणि ठसे घेणाऱ्याची फी भरायची. पण ती त्याची त्याने पाहायची. दुसऱ्याने "आणून दाखव" किंवा "आहे की नाही ते लिहून आण" असं नुसतं म्हणणं हाच गुन्हा, दंडसंहितेचं कलम १११२५. मी आकडा तीनदा चुकीचा म्हटल्यावर तुम्ही तो पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलात. होणाऱ्या सासऱ्यांना त्यातून सूट नाही, हेही वर ऐकवलंत. ताई दोन दिवस गप्प होती.

मग कोर्ट. घरी बसून होईल असं वाटलं होतं, पण फौजदारी फाइलींतले कागद इथे कोर्टाच्या बाहेरून बघू देत नाहीत, इमारतीतल्या संगणकावर जाऊन बघावे लागतात. तिथे बसायला पैसे पडत नाहीत. क्लार्कला शोधायला लावलं आणि त्याला १० मिनिटांपेक्षा जास्त लागली तर १५ डॉलर, झेरॉक्स पानाला ५० सेंट. जन्मतारीख टाकून शोध घेता येत नाही. रिव्हरसाइडच्या कोर्टाबद्दल २०२१ मध्ये अपील कोर्टाचा निकाल लागला, तेव्हापासून लोकांच्या शोधात जन्मतारीख आणि लायसन्स नंबर चालत नाहीत. नियमांत ते आधीपासूनच होतं, कोर्टं पाळत नव्हती, हे तुम्ही खास खालच्या आवाजात सांगितलंत.

आता आपल्या मुलाचं आडनाव असं की पुण्यात दगड भिरकावला तर त्याच आडनावाच्या माणसाला लागावा, आणि पहिलं नाव त्या पिढीत घरोघरी. त्या काउंटीत त्याच नावाच्या दोन नोंदी निघाल्या. पहिली वेग मर्यादा ओलांडल्याचं तिकीट, हायवे पेट्रोलचं, दंड भरलेला. ते आपल्याच मुलाचं. फोनवर त्याने स्वतःहून सांगितलं होतं. तिकीट म्हणजे अटक नव्हे, हे मला माहीत होतं, ताईच्या दिरांना पटवायला एक आठवडा गेला. दुसरी नोंद मात्र मिसडिमीनरची, म्हणजे लहान का होईना, फौजदारी गुन्ह्याची. माझे हात गार पडले. तुम्ही फाइल मागवायला लावलीत, पहिल्या पानावर बोट ठेवलंत: मधलं नाव वेगळं. आपल्यात मधलं नाव वडिलांचं, ते चुकून दुसरं होत नाही. आणि तारीख अशी की तेव्हा आपला मुलगा अजून भारतात इंजिनीअरिंगला होता. मी पुढचं पान उलटायला गेलो तर तुम्ही फाइल मिटलीत. "तो आपला नाही ना? मग त्याचं वाचायचं नाही."

काकू, कायद्याने ती फाइल मला वाचता आली असती. तुम्ही इतकी वर्षं असल्या फायलींमध्ये काढलीत आणि तरी मिटलीत. यासाठी वेगळे आभार मानायचे राहिले होते.

एक काउंटी म्हणजे अख्खं राज्य नव्हे. ५८ काउंट्या, प्रत्येकीचं सुपिरियर कोर्ट वेगळं, आणि सगळ्यांची मिळून लोकांसाठी एक खिडकी नाही. मुलगा आधी शेजारच्या काउंटीत राहायचा, म्हणून तिथेही जाऊन आलो. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टांचं पेसर नावाचं वेगळं ऑनलाइन दालन आहे, तिथे पानाला १० सेंट. तिथेही काही नव्हतं.

रांगेतल्या दुसऱ्या गृहस्थांचा प्रश्न स्थळाचा नव्हता. त्यांच्या पुतण्याला अशाच एका वस्तीत रात्री पकडलं होतं आणि तो कुठे आहे ते सकाळपर्यंत कळत नव्हतं. त्यांच्यासाठी तुमचंच सांगणं पुढे देतो. आधी काउंटीच्या तुरुंगाला फोन, पूर्ण नाव आणि जन्मतारीख तयार ठेवून. नोंद व्हायला काही तास जातात, तोवर नाव दिसत नाही, घाबरून जायचं नाही. हायवे पेट्रोलने पकडलं असेल तर त्यांच्या जवळच्या कचेरीतही विचारायचं. आत ठेवलेल्याला ४८ तासांत न्यायाधीशापुढे न्यायचं असतं, मधले रविवार आणि सुट्ट्या वगळून, म्हणून मग कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत नाव बघायचं. भारतीय नागरिक असेल तर वकिलातीला कळवा असं सांगायचा त्याला हक्क आहे. आणि फोटो काढून टाकायचे पैसे मागणारी साइट आली तर एक पैसाही द्यायचा नाही. २०१५ पासून कॅलिफोर्नियात असे पैसे मागणंच बेकायदा आहे. अटक होऊन खटला भरलाच गेला नाही तर २०१८ पासून ती नोंद सीलबंद करून मागता येते. त्यासाठी वकील बघा, मामा-काकांच्या सल्ल्यावर राहू नका, माझ्याही नाही.

भाचीचं काय झालं, हे मंडळात सगळेच विचारतात. ती आणि तो रोज रात्री आपापले बोलतात, आम्हाला फारसं काही सांगत नाहीत. दिरांनी पुन्हा गुगल केलेलं नाही. ताईने तुमच्यासाठी भडंग आणि चकल्या पाठवल्या आहेत, त्या शनिवारी घेऊन येतो. झेरॉक्सचे दीड डॉलर तुम्ही भरलेत, तेही देणं आहे.

आपला,
भाचीचा मामा